अल्पशा आजाराने

‘येथील ज्येष्ठ लेखिका ताहेरा बागवान यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’

पेपरात आलं ते एवढंच. सोबत आमच्या संस्थेनं पुरवलेला फोटो. कुठल्याशा बक्षीस समारंभातला, त्यात शेजारी बसलेल्या सचिवांचा खांदाही आलेला.

ताहेरा ज्येष्ठ नव्हती. पन्नाशी लांब होती तिची. कॉलेजचा जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची. आणि आजारी? सोलापुरातल्या एकाच मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघी मराठी शिकवत होतो, वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत होतो. तिचं साधं डोकं दुखल्याचंही मला आठवत नाही. दुसऱ्यांचं दुखवायची, तो भाग वेगळा.

ती कथा लिहायची, मी कविता. गावात लिहिणाऱ्या बायका तशा पुष्कळ आहेत. पण मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून एकमेकींचं लिखाण सोलून काढणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणजे सोलायची जास्त करून ती. एकदा मी आईवरची कविता तिला मोठ्या विश्वासानं वाचायला दिली. तिनं भाकरीचा तुकडा शेंगांच्या चटणीत बुडवला, कविता दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘‘सुनंदा, ही ओळ रडते आहे. तू कुठं रडलीस?’’ मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. रात्री ती ओळ काढली. कविता उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तर तिनं नुसती मान हलवली आणि पोह्यात लिंबू का नाही म्हणून माझ्याशी भांडली.

भांडण हा तिचा स्वभाव होता असं पुष्कळ जण सांगतील. मला ते मान्य नाही. तिला राग येत असे, आणि तो ती लपवत नसे. ती नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी आमच्या एका बुजुर्ग सरांनी टीचर्स रूममध्ये सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं, ‘‘वा! बागवान मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे!’’

‘‘तुमचंही बरं आहे सर,’’ ताहेरा म्हणाली.

चहा ओतणाऱ्या मावशींपासून सगळ्यांना हसू फुटलं. सरांना ते बराच वेळ कळलं नाही. कळलं तेव्हापासून ते तिच्याशी फार जपून बोलत.

तिच्या घरी दखनी बोलत. नवऱ्याचा, रफिकभाईंचा फोन आला की ‘‘हौ, आतीच मैं. दाल चढाको रखो,’’ असं सांगून ती फोन ठेवायची आणि त्याच दमात मला आदल्या दिवशीच्या अग्रलेखातल्या चुका ऐकवायची. या दोन्हींत तिला काही वेगळं वाटत नसे. वेगळं वाटायचं ते लोकांना. तिचे दोन कथासंग्रह निघाले. दोन्हींवर जे काय थोडंफार छापून आलं, त्यात ‘मुस्लिम जीवनाचं दर्शन’ हे शब्द असायचेच. गावातल्या साहित्य मेळाव्याचं बोलावणं आलं, की तिला कुठल्या परिसंवादात बसवणार हे पत्रिका न उघडता सांगता यायचं. दरवर्षी ती नाही म्हणायची. एके वर्षी कोण जाणे कशी, हो म्हणाली. व्यासपीठावर गेली, माईक खाली ओढला (उंचीनं ठेंगणी होती) आणि म्हणाली, ‘‘माझ्या गोष्टीतली बाई वांगं चिरते. आयोजकांनी मला सांगावं, ते वांगं मुस्लिम असतं का? मंडईतून आणलं तेव्हा तर नुसतं वांगं होतं. आमच्याच गाळ्यावरचं.’’

सासरचा खरोखरच भाजीचा गाळा होता. लोक हसले, टाळ्या पडल्या. खाली उतरली तेव्हा मात्र तिचे कान लाल झाले होते. ‘‘हसले गं सगळे,’’ ती म्हणाली. ‘‘विचारात एकही पडला नाही.’’ त्या मेळाव्याचं बोलावणं तिला पुन्हा कधी आलं नाही.

वर्गात तिचा एक हट्ट होता. वाक्य कुणाचंही असो, पुस्तकातलं, पेपरातलं, भिंतीवरच्या सूचनेतलं, ती मुलींना विचारायची, ‘‘कर्ता कुठाय?’’ फळ्यावर लिहायची, ‘पाणी सोडण्यात आले नाही.’ मग वळून विचारायची, ‘‘कुणी सोडलं नाही?’’ पाचसहा दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या मुली त्या. त्यांना हा धडा लगेच समजायचा. एकदा तिच्या गल्लीत पाण्याची तक्रार ऐकायला कुणी अधिकारी आले. तांत्रिक कारणामुळे विलंब झाला, असं ते सांगू लागले. ताहेरानं गर्दीतून विचारलं, ‘‘या तांत्रिक कारणाचं आडनाव काय साहेब? आम्ही त्यांच्या घरी जाऊन बोलतो.’’ पाणी त्या संध्याकाळी आलं. तिला कुणी शाबासकी दिली की ती चिडायची. एवढ्याशा गोष्टीसाठी बोलावं का लागतं, हा तिचा मुद्दा.

आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या मुली असत, अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या असत, दखनीवाल्या असत आणि आसपासच्या गावांतून रेल्वेनं, एसटीनं येणाऱ्या शेतकऱ्यांच्या. त्यांतली एक केम गावची सारिका. पॅसेंजरनं यायची. गाडीला उशीर झाला की हिला उशीर. आमच्या प्राचार्यांनी मध्येच शिस्त काढली, घंटेनंतर फाटक बंद. पहिल्याच दिवशी सारिका फाटकाबाहेर उभी. ताहेरानं शिपायाला विनवलं, प्राचार्यांना विनवलं. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. मग ती खुर्ची, पुस्तक घेऊन फाटकाशी गेली आणि आतल्या बाजूनं बसून गजांतून सारिकाला धडा शिकवू लागली. वर्गातल्या बाकीच्या मुलीही तिच्यामागून आल्या आणि फरशीवर बसल्या. रस्त्यानं जाणारे रिक्षावाले थांबून बघायला लागले. तेव्हा फाटक उघडलं.

ही सारिका निबंधात ‘हाय’, ‘न्हाय’ लिहायची म्हणून दुसऱ्या मॅडमनी तिची पानं लाल करून टाकली होती. ताहेरानं तिला जवळ बसवलं.

‘‘हे तुझी आई बोलते ना?’’

‘‘व्हय मॅडम.’’

‘‘मग आई बोलते तिथं हेच ठेव. आईच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही. तू बोलतेस तिथं तुझं तू ठरव.’’

सारिका पुढं गोष्टी लिहायला लागली. चांगल्या लिहिते. ताहेराला जेवढ्या शिव्या देता येत तेवढ्या ती सारिकाच्या गोष्टींना द्यायची, आणि तिच्यामागं मला म्हणायची, ‘‘ही आपल्या दोघींच्या पुढं जाणार बघ.’’ बोलताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मला हेवा वाटावा.

आता त्या दिवसाचं सांगते. नीट सांगते, कारण नीट सांगायला कुणी तयार नाही.

संस्थेचा वर्धापनदिन होता. एप्रिल महिना, भर दुपार. पाहुण्यांना तीच वेळ सोयीची होती. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. मैदानावर मांडव घातला होता, पण तो स्टेजवर आणि पुढच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. मुलींना त्याच्यामागं उघड्यावर सतरंज्या टाकून दिल्या होत्या. कूलर होते, त्यांची तोंडं स्टेजकडं. मुली सकाळपासून आलेल्या, लेझीमच्या पोशाखात, केसांत गजरे माळून. पाहुणे वाटेत होते. ते बराच वेळ वाटेतच राहिले.

ताहेरा सचिवांकडं गेली. मी तिच्याबरोबर होते.

‘‘सर, साहेब येईपर्यंत मुलींना व्हरांड्यात बसवूया.’’

‘‘मॅडम, ते कुठल्याही क्षणी येतील. आल्यावर मैदान मोकळं दिसलं तर कसं दिसेल?’’

‘‘आणि मुली चक्कर येऊन पडल्या तर कसं दिसेल?’’

‘‘तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीचा इश्यू करता.’’

ती परत आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा ती निघाली तेवढ्यात सारिका बसल्या जागी कलंडली. तोंडाला फेस, डोळे वर. आम्ही तिला उचलून व्हरांड्यात आणलं, दुपट्टा ओला करून डोक्यावर ठेवला. सारिकानं डोळे उघडले. ‘‘मॅडम, परोगराम झाला का?’’ तिनं विचारलं.

त्यावर ताहेरा उठली, सरळ स्टेजवर गेली. निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

‘‘मुलींनो, उठा. सगळ्या व्हरांड्यात चला. पळू नका. लेझीम तिथंच राहू द्या.’’

मुली उठल्या. सचिव स्टेजखालून हात करत होते, प्राचार्य ओरडत होते, पण एवढ्या मुली एकदा उठल्यावर त्यांना कोण बसवणार? ते ओरडणं ताहेराच्या बारीक आवाजापुढं टिकलं नाही. मी तिच्या दोन्ही पुस्तकांची प्रकाशनं पाहिली आहेत. इतकी मोठी ती मला त्या दोन्ही वेळी दिसली नव्हती.

व्हरांड्यातला पाण्याचा ड्रम लगेच संपला. नळ मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. ताहेरा बादल्या घेऊन जात होती, येत होती. इतर शिक्षिकाही धावत होत्या, तेही सांगायला हवं. शेवटच्या खेपेला ती नळाशी कोसळली.

मी पोचले तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम नव्हता. पाहुण्यांचा ताफा नेमका तेव्हाच आला. फाटकात गाड्यांची रांग लागली. तिला घेऊन निघालेली आमची रिक्षा आत अडकली. मी रिक्षातून उतरून गाडीवाल्यांना हात जोडत होते, बाजूला घ्या म्हणत होते. एक जण म्हणाला, ‘‘बाई, साहेब उतरू द्या आधी.’’ साहेब उतरले. मग आम्ही निघालो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात धरला, सोडला आणि तिला आणायला एवढा उशीर का झाला म्हणून विचारलं.

कार्यक्रम झाला. हे मला नंतर कळलं. आधी माझा विश्वास बसला नाही. स्वागतगीत झालं, शाल-श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. स्त्रीशिक्षणावर बोलले म्हणे.

मग कुजबूज सुरू झाली. त्यांना बीपी होतं म्हणे. नव्हतं. घरी टेन्शन होतं म्हणे. नव्हतं. टीचर्स रूममध्ये एका बाईंनी मला हळूच विचारलं, ‘‘त्यांचे रोजे असतात ना गं? पोटात काही नसेल.’’ रमजान केव्हाच होऊन गेला होता. त्या दुपारी तिनं माझ्या डब्यातलं निम्मं मटार-बटाट्याचं कालवण आणि वर दोन चपात्या खाल्ल्या होत्या. मी ते त्या बाईंना सांगितलं. ‘‘अगं, मी आपलं सहज विचारलं,’’ त्या म्हणाल्या. हे सहज विचारणारे लोक! ताहेरा गेली ती उन्हानं, आणि दोन मिनिटांत तिच्या मरणाचं खापर तिच्याच घरावर, तिच्याच देवावर फोडून मोकळे.

पेपरातली ओळ वाचली त्या दिवशी मी नवी पेठेतून वाट काढत त्यांच्या कचेरीत गेले. टेबलाशी एक तरुण उपसंपादक होता. कधीकाळी ताहेराच्या कथा त्याच्या रविवारच्या पुरवणीत छापून आल्या होत्या.

‘‘अल्पशा आजाराने नाही,’’ मी म्हणाले. ‘‘तिला कसलाही आजार नव्हता. दुरुस्ती छापा.’’

‘‘मॅडम, तसं लिहायची पद्धत असते. शिवाय मजकूर संस्थेकडून आलेला आहे.’’

‘‘मग खरं काय झालं ते मी लिहून देते.’’

त्यानं खुर्ची पुढं सरकवली, पाणी मागवलं, मला बसवलं. वाईट नव्हता मुलगा. ‘‘वरिष्ठांना विचारतो,’’ म्हणाला. त्यानं विचारलं असेल. दुरुस्ती आली नाही.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. पंखे होते, पाणी होतं, ताहेराच्या फोटोला मोगऱ्याचा जाड हार. सचिव बोलायला उभे राहिले. क्रूर काळानं घाला घातला, नियतीनं आमची गुणी कन्या हिरावून नेली, मुस्लिम समाजातून येऊनही त्यांनी मायमराठीची किती सेवा केली. समोर रफिकभाई बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या शेजारी ताहेराची म्हातारी सासू, तिला मराठी भाषण अर्धंच कळत होतं, पण ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मला ते बघवेना.

मी हात वर केला नाही. उभी राहिले.

‘‘सर, काळाचं, नियतीचं झालं. मुलींना उन्हात कुणी बसवलं, ते वाक्य राहिलं.’’

मागच्या रांगेत आमच्या मुली होत्या. सचिव म्हणाले, ‘‘कुलकर्णी मॅडम, आपल्या भावना समजू शकतो. ही वेळ नव्हे.’’

‘‘हीच वेळ आहे. हे ऐकायला तुम्ही पुन्हा सभा घेणार नाही.’’

प्राचार्य उठले, मला बसा म्हणू लागले. मी बसले नाही. काय बोलले ते सगळं आठवत नाही. व्हरांड्याबद्दल बोलले, फाटकातल्या गाड्यांबद्दल बोलले. आवाज चिरकला. सचिवांनी मध्येच जाहीर करून टाकलं, की संस्थेच्या ग्रंथालयाला ताहेराचं नाव देण्यात येईल. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

टाळ्या थांबल्या तेव्हा रफिकभाई उभे राहिले. फार बोलणारा माणूस नाही. ताहेरा बोलायची, ते हसायचे, असा त्यांचा संसार. ते म्हणाले, ‘‘नाव नको साहेब. मैदानात सावली करा. पत्र्याची केली तरी चालेल.’’

एवढंच बोलून त्यांनी आईचा हात धरला आणि ते बाहेर पडले. मागच्या रांगेतून सारिका उठली, मग तिच्या शेजारची, मग सगळी रांग. कुणी घोषणा दिली नाही. चपलांचा आवाज तेवढा झाला.

सावली झाली नाही. ग्रंथालयाला नाव दिलं, पितळी अक्षरांत, आणि त्यातही ‘ताहिरा’ असं चुकवून. मला संस्थेनं वेळापूरच्या शाखेत पाठवलं. ‘प्रशासकीय कारणास्तव.’ त्या कारणाचं आडनाव मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीचा वर्धापनदिन गावातल्या गार सभागृहात झाला आणि मुलींना त्याचं बोलावणंच नव्हतं. कुणीतरी मला समजुतीच्या सुरात म्हणालं, बघा, सुधारणा झाली ना? मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

लोक मला म्हणतात, आता राग सोड. तिच्या आठवणी लिही, छान गोड आठवणी. तिचं हसणं लिही. लिहीन. हसायची ती, पुष्कळ हसायची, तोंडावर हात न घेता. पण तिच्यावर गोड लिहायला बसले की माझी बोटं आखडतात. राग सोडून ती जी उरेल, ती ताहेरा नव्हे, दुसरीच कुणी बाई असेल.

तिचं चालतं-बोलतं शेवटचं दिसणं मात्र माझ्याजवळ आहे, त्या शेवटच्या खेपेचं.

मुली व्हरांड्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या, डोक्यांवर ओले दुपट्टे. सारिकाला भिंतीशी टेकवलं होतं. ताहेरानं रिकाम्या बादल्या उचलल्या. मी म्हणाले, ‘‘थांब, आता मी जाते.’’

‘‘तू इथं बस. गटागटा पिऊ देऊ नकोस त्यांना. घोट-घोट पाज.’’

ती पायऱ्या उतरून उन्हात गेली. मैदान आता अगदी रिकामं होतं. लाऊडस्पीकरवर कुणी नसताना स्वागतगीताची रेकॉर्ड चालू होती. नळाकडं जायच्या वाटेवर पाहुण्यांसाठी लाल गालिचा अंथरला होता, फाटकापासून स्टेजपर्यंत. त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून शिपाई उभा केला होता. शिपायानं हात आडवा केला. ताहेरानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांत बादल्या, पदर खोचलेला, धुळीनं भरलेल्या चपला. ती गालिच्यावर चढली आणि तो तुडवत सरळ नळाकडं चालत गेली.